दाण्याच्या मुलखात चार दिवस

धाराशिव जिल्ह्यात जाऊन आले म्हटलं की चिपळुणात लोक विचारतात, "तुळजापूरला, देवीला?" आणि आमच्या घरची गोष्ट ज्यांना ठाऊक आहे ते लगेच आवाज खाली आणून विचारतात, "आणि रेवाला खायला काय दिलंत?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दारात उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसले.

रेवा माझी मुलगी, आठ वर्षांची. तिला शेंगदाणा चालत नाही. म्हणजे पोट दुखतं, पुरळ येतं, इतकं साधं नाही. चार वर्षांची असताना एका लग्नात कुणीतरी लाडाने तिच्या हातात दाण्याचा लाडू ठेवला. अर्धा घास गेला असेल. दहा मिनिटांत ओठ सुजले, श्वास घरघरू लागला आणि आम्ही तिला उचलून दवाखान्यात पळालो. तेव्हापासून माझ्या खांद्याच्या पिशवीत एक इंजेक्शन असतं आणि माझा जीव टांगणीला असतो.

त्या भीतीच्या भरात मी दाण्याबरोबर आणखीही पुष्कळ काही तिच्या ताटातून उचललं. हॉटेल गेलं, बेकरी गेली, शेजारणीची वाटी गेली. दाण्याच्या नात्यातले म्हणून तूर, हरभरा, वाटाणाही गेले. डॉक्टरांनी त्यांची दवाखान्यात समोर बसवून, थोडं थोडं खायला देऊन परीक्षा घेतली. काहीही झालं नाही. ते म्हणाले, "दाणा कडक बंद, पण बाकीचं सुरू करा. मुलीचं वजन वाढत नाहीये." मी मान डोलावली आणि घरी येऊन पुन्हा मूगडाळीचा कुकर लावला. मी शाळेत गणित शिकवते. सिद्ध झालेली गोष्ट मान्य करायची असते, हे पोरांना रोज सांगते. स्वतःच्या पोरीच्या ताटापाशी आलं की माझं गणित कच्चं.

शाळेत मधल्या सुट्टीत मुलं डबे वाटून खातात तेव्हा रेवा बाकाच्या टोकाला सरकते. कुणाचं घ्यायचं नाही आणि कुणाला द्यायचंही नाही, असा माझा नियम. देणारा हात पुढे झाला की घेणारा हात त्याच्या मागोमाग येतो. नियम बरोबर होता. तो पाळणारं पोर वाळत चाललं होतं, एवढाच त्यात दोष होता.

वैशाली ही माझी वसतिगृहातली मैत्रीण. नळदुर्गजवळच्या एका गावात आरोग्य उपकेंद्रात परिचारिका आहे आणि घरची शेती आहे. मार्गशीर्ष सुरू झाला की दरवर्षी तिचा फोन येतो, "येळवसाला ये." येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी तिकडची गावं रिकामी होतात आणि शेतं भरतात. सगळे रानात जाऊन पूजा करतात आणि पंगतीत बसून भज्जी खातात. ही आपली तळलेली भजी नव्हे. पालेभाज्या, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, डाळीचं पीठ आणि चिंच घालून शिजवलेली दाट भाजी असते ती, आणि तिच्यात मूठ मूठ शेंगदाणे असतात. म्हणून मी दरवर्षी नाही म्हणत आले. यंदा फोन तिच्या सासूने हातात घेतला.

"पोरीला काय चालत न्हाय तेवढं सांग," त्या म्हणाल्या. "बाकीचं म्या बघते."

एवढ्या चार शब्दांवर मी रजेचा अर्ज टाकला. अजूनही मला त्याचं नवल वाटतं.

तुळजापूर

नवऱ्याला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघीच निघालो. सोलापूरपर्यंतच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. रेवा झोपली आणि मी पिशवीतल्या दशम्या मोजत बसले. तुळजापूर मात्र उतरल्याबरोबर अंगावर येतं. सोलापूरहून आलेल्या गाड्या, हळदीकुंकवाच्या राशी, परड्या, कवड्यांच्या माळा, आणि प्रत्येक दुकानाच्या तोंडाशी चिक्कीचे ढीग. आमच्याकडे देवापुढे नारळ असतो, आणि नारळाशी रेवाचं काही वाकडं नाही. इथे तिचा हात धरून त्या बोळातून जाताना मला घाम फुटला.

सासरची देवी तुळजाभवानी, त्यामुळे ठरलेल्या पुजाऱ्यांकडे गेलो. दर्शन छान झालं. नंतर पुजाऱ्यांच्या घरी त्यांच्या पत्नीने रेवाच्या तळहातावर प्रसाद ठेवला. रेवाने मूठ मिटली आणि विचारलं, "यात दाणे आहेत का?"

मी कानकोंडी झाले. प्रसादाची चौकशी करायची म्हणजे काय. आता पुढचं वाक्य काय येणार हेही मला माहीत होतं, कारण ते मी चार वर्षं ऐकत होते: देवाचं आहे, थोडं खाल्लं तर काही होत नाही. बाईंनी मात्र रेवाची मूठ उघडली, प्रसाद परत घेतला आणि वास घेऊन पाहिला.

"असतील बाय. मला सांगता यायचं न्हाय, दुकानातनं आलंय." मग त्यांनी तिचा तळहात ओल्या पदराने पुसला, कपाळाला कुंकू लावलं आणि हातात एक कवडी ठेवली. "ही घे. ही खायची नसती, म्हंजे इचारायचं कामच न्हाय."

'सांगता यायचं नाही' हे उत्तर मला त्याआधी कुणी दिलं नव्हतं. लोकांना ठामपणे चुकीचं सांगायला आवडतं. आपल्याला माहीत नाही हे कबूल करणारी माणसं मला त्या दिवसापासून फार मोठी वाटायला लागली आहेत.

नळदुर्ग

दुसऱ्या दिवशी एसटीने नळदुर्गला उतरलो. हमरस्त्यावरून ट्रक धडधडत हैदराबादकडे चाललेले, आणि रस्त्याच्या कडेला धाबे. वैशालीचे यजमान दत्ताभाऊजी जीप घेऊन दुपारी येणार होते. रेवाला भूक लागली, म्हणून एका धाब्यात शिरले. निदान दशम्यांबरोबर दही तरी मिळेल असा विचार होता.

"दादा, भाजीत दाणे आहेत का?"

"न्हाईत ताई," मालक म्हणाला. "दाणे कुठं? कूट हाय."

"आमटीत?"

"तितं बी कूटच. पर थोडं, घट्टपणाला."

मी चटणीबद्दल विचारायला तोंड उघडलं तेव्हा त्याला माझी दया आली असावी. तो गल्ला सोडून बाहेर आला. "ताई, खरं सांगू का? हितं पाणी सोडलं तर सगळ्यात कूट हाय. दह्याच्या भांड्यावर बी झाकण नसतंय. काय झालंय काय?"

मी सांगितलं. माझं होताच रेवाने आपले तीन प्रश्न विचारले. कुठेही गेली तरी ती हे तीन प्रश्न विचारते: कशात केलं, कशावर केलं, कुणाचा हात लागला? शिक्षक तोंडी परीक्षा घेतात तसं विचारते. मला ते नेहमी लाजिरवाणं वाटायचं. पोर आठ वर्षांची आणि बोलणं अन्न निरीक्षकाचं.

मालकाने तिन्ही प्रश्न नीट ऐकून घेतले. "तुला अंडं चालतंय? उकडून देतो. त्याच्यात कूट घालायची सोय कोंबडीनं केलेली न्हाय."

रेवा खुदकन हसली. त्याने साबणाने हात धुतले, पातेलं धुतलं, आमच्यासमोर अंडी उकडली आणि सोलायचं काम तिच्याकडे दिलं. "तूच सोल, म्हंजे तिसरा प्रश्न मिटला." शिवाय दोन केळी दिली, तीही सालीसकट.

मग आम्ही किल्ला पाहिला. बोरी नदी अडवून घातलेला बांध, आणि त्या बांधाच्या पोटात महाल. खिडकीत बसलं की पायाखाली पाण्याचा आवाज. पावसाळ्यात बांधावरून पाणी कोसळतं तेव्हा बघायला गर्दी लोटते म्हणतात. आम्हाला पौषाच्या तोंडचं शांत पाणी आणि पारव्यांचे थवे मिळाले. मला तेच बरं वाटलं. कोकणातले किल्ले समुद्राशी भांडत उभे असतात. या किल्ल्याने नदीशी जुळवून घेतलं आहे. रेवाने तिथल्या दगडी खिडकीत बसून दुसरं अंडं खाल्लं, आणि धाब्यावरचे दादा मला आवडले असं जाहीर केलं.

आत्याबाईंचं घर

वैशालीच्या सासूबाईंना घरात सगळे आत्याबाई म्हणतात. सत्तरीकडे झुकलेल्या, काटक, आणि नजर अशी की समोरच्याचं पोट रिकामं आहे की भरलेलं हे त्यांना दारातूनच कळावं. त्यांनी रेवाचं मनगट दोन बोटांत धरून पाहिलं. मग मला आत नेऊन स्वयंपाकघर दाखवलं.

मराठवाड्यातल्या घरात दाणे नाहीत म्हणजे आमच्याकडच्या घरात नारळ नाही. दाण्याचं पोतं, कुटाचा डबा, चटणीची बरणी, सगळं शेजारच्या सुमनबाईंकडे हलवलं होतं. फडताळं धुऊन उन्हात वाळवली होती. मिक्सरचं भांडं बांधून माळ्यावर टाकलं होतं. नवं मोठं पातेलं आणि नवी पळी आणली होती.

"पाटा?" मी विचारलं.

"पाट्यावर तीस वर्सं दाणे वाटलेत. दगडात मुरले आसतील. धुऊन काय जातंय?" आत्याबाई म्हणाल्या. "वढ्यातनं दोन दगूड आणलेत नवे. लसूण-मिरची त्याच्यावर."

"तेल?"

"करडीचं काढायला घाण्यावर गेल्ते. त्याला म्हनलं, करडीच्या आदी काय काढलंस? म्हनला, शेंगा. मग तसंच माघारी आले. तुपात करायचं सगळं."

मी चार वर्षं पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचते आहे, पण घाण्यात आधी काय पिळलं होतं हा प्रश्न मला सुचला नसता. अक्षर न वाचता येणाऱ्या बाईने तो विचारला होता. भिंतीवर वैशालीने एक कागद चिकटवला होता. त्यावर तीन रकाने होते: चालतं, चालत नाही, विचारून. चालतं मध्ये तूर, हरभरा, वाटाणा, दूध, अंडी. चालत नाही मध्ये शेंगदाणा, ठळक अक्षरात. विचारून मध्ये वाल, कारण त्यांची परीक्षा अजून व्हायची होती. मीच फोनवर सांगितलेली यादी. भिंतीवर मोठ्या अक्षरात पाहिली तेव्हा लक्षात आलं की चालतं हा रकाना सगळ्यांत लांब आहे.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी रेवाच्या भातावर तुरीचं घट्ट वरण आणि वर तुपाची धार वाढली. रेवाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती दोनदा भात घेऊन जेवली. मी तिच्या ओठांकडे बघत बसले होते. माझं ताट तसंच निवलं.

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. "दाणे बंद केलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "बाकीचं कशापायी बंद केलंस?"

"भीती वाटते आत्याबाई."

"भ्या वाटणारच. पर भ्याव तुझं, आन् उपाशी ती."

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी तिथेच तोंड सोडलं असतं. पण त्यांनी ते ओढ्यातून दगड आणल्यानंतर म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी घरातल्या आणि शेजारच्या बायका येळवसाच्या भाज्या निवडायला ओसरीवर जमल्या. वैशालीने निवडणं थांबवून सगळ्यांना माझ्या पिशवीतलं इंजेक्शन दाखवलं. कुठे टोचायचं, किती वेळ दाबून धरायचं, आणि ते दिलं तरी लगेच दवाखान्यात का न्यायचं, सगळं. दत्ताभाऊजींनी दोनदा समजावून घेतलं. सुमनबाईंनी आपल्या मांडीवर बोट ठेवून विचारलं, "हितं?" वैशालीने बोट जरा बाहेरच्या बाजूला सरकवलं. आमच्या सोसायटीत चार वर्षांत हे शिकून घ्यायला कुणी आलं नाही. अर्थात मीही कुणाला बोलावलं नव्हतं.

येळवस

अमावस्येला पहाटेपासून चुली पेटल्या. दहाच्या सुमारास गाव निघालं. आत्याबाईंच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ शिजवून भरलेला मडक्यासारखा घडा, त्यावर घोंगडी. मागे टोपल्यांतून बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे उकडलेले गोळे, धपाटे, गव्हाची खीर आणि भज्जीचं मोठं पातेलं. भज्जी सगळ्यांसाठी एकच होती, दाण्यांशिवाय. मी संकोचून म्हटलं होतं की रेवापुरती वेगळी केली तरी चालेल. "पावण्याला येगळं आन् आमाला येगळं, आसली पंगत म्या मांडत न्हाय," असं उत्तर मिळालं होतं.

त्या दिवशीचं रान मी विसरणार नाही. ज्वारी माणसापेक्षा उंच, कणसं नुकती भरत आलेली. हरभऱ्याला घाटे, तुरीला शेंगा, करडईचे काटे. आमच्याकडे डोंगर नजर अडवतो. इथे नजर जाते तितकी जाते, आणि तिच्या वाटेवर शेताशेतांत कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून बांधलेल्या कोपी. आमच्याही शेतात कोप होती. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, त्यांना पांडव म्हणतात. पूजा झाली, दत्ताभाऊजींनी शेताच्या कडेने फिरून आंबील शिंपडली. मागून पोरं कानडी वळणाचे शब्द ओरडत पळत होती. त्यांचा अर्थ कुणालाच सांगता आला नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. जीप बांधाच्या पलीकडे तोंड रस्त्याकडे करून उभी होती आणि किल्ली तिलाच लावलेली होती. मी विचारलं तेव्हा दत्ताभाऊजी म्हणाले, "आसंच." नंतर वैशालीकडून कळलं की आदल्या दिवशी ते नळदुर्गला जाऊन अमावस्येला कोणते डॉक्टर हजर असतील हेही विचारून आले होते.

पंगत बसायच्या आधी वैशाली मला म्हणाली, "चल, तुरीपर्यंत चक्कर मारू. दोन मिनिटं तरी तिच्याकडं बघायचं सोड." मी गेले. वीस पावलं असतील. मागून जे झालं ते मी अर्धं पाहिलं आणि अर्धं नंतर ऐकलं.

या शिवारात एक रीत आहे. पंगतीआधी शेजारच्या शेतातली बाई आपल्या भज्जीची पळीभर आणून तुमच्या पातेल्यात घालते, आणि तुमची पळीभर घेऊन जाते. कुणाचं भांडं एकटं राहू नये म्हणून. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की ती मला सांगावी असं वैशालीलाही सुचलं नव्हतं. श्वास घेतो हे कोण सांगतं? सुमनबाई बांध ओलांडून आल्या, हातात वाडगं. आत्याबाईंनी, ज्या घाण्यावरून रिकाम्या हाताने परतल्या होत्या त्यांनीच, हसत पातेल्यावरचं झाकण उचललं. पळी आत रिकामी झाली. मग त्यांनी तीच भज्जी रेवाच्या पत्रावळीवर वाढली.

रेवाने हात पुढे केला नाही. तिने सुमनबाईंच्या वाडग्याकडे पाहिलं. "आजी, त्या काकूंनी घातली ती कशात केली होती?"

मी वळले तेव्हा आत्याबाई पळी हातात धरून उभ्या होत्या. "आगं बाई," असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि जागेवर बसल्या. मी धावले. रेवाची पत्रावळ उचलली, तिचे हात धुतले, ओठ पाहिले, जीभ पाहिली.

"आई, मी खाल्लं नाही," ती म्हणाली. "मी विचारलं."

"म्या झाकण उचाललं," आत्याबाई म्हणत होत्या. "दुसऱ्या कुणी न्हाय. म्याच."

सुमनबाईंच्या तोंडावरचा रंग उडाला होता. "दाण्याचं पोतं माज्या घरात ठिवलंय. काल सुई कुठं टोचायची ते बी शिकले. पर भज्जी आणताना ध्यानातच आलं न्हाय. भज्जी ती भज्जी, त्यात दाणे घातले आसं मनात तरी कुठं येतंय?"

मला राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण त्या दोघी बायकांकडे बघून तो टिकला नाही. आणि खरं सांगायचं तर त्याहून आधी माझ्या मनात आलं होतं की झालं, आपलंच बरोबर होतं, उद्या सकाळच्या गाडीने घरी जायचं आणि पुन्हा कुठे म्हणून निघायचं नाही. मी म्हटलं, "असू द्या आत्याबाई. पिशवीत दशम्या आहेत, ती त्या खाईल. तुम्ही पंगत बसवा."

आत्याबाईंनी डोळे पुसले आणि उठल्या. "दशमी तुमी गाडीत खावा. दत्ता, घरी जा. दुधाचं पातेलं आण, त्याच्यात दुधाबिगर काय शिजलेलं न्हाय. डाळीचं पीठ डब्यात उरलंय, तूप आण, ते दोन दगूड आन् लसूण-मिरची आण. पळी नवी बगून आण."

जीप धुरळा उडवत गेली. तीस-एक माणसं सकाळपासून उपाशी होती, आजूबाजूच्या शेतांतलेही पाहुणे आलेले. मी पुन्हा म्हटलं की लोकांना तरी वाढा. कुणीच पंगतीला बसेना. एक म्हातारे गृहस्थ पागोटं सावरत म्हणाले, "जिच्यासाटी भज्जी केली ती जेवल्याबिगर आमी कसं बसावं?" आणि तुरीच्या ओळींत शिरले.

मग त्या रानात जे काही सुरू झालं त्याला स्वयंपाक म्हणावं की मोहीम, मला ठरवता आलं नाही. सगळ्यांनी मोटरच्या पाण्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. सुमनबाईंनी तर तीनदा धुतले आणि सगळ्यांच्या आधी हरभऱ्यात वाकल्या. कुणी तुरीच्या शेंगा तोडत होतं, कुणी घाटे सोलत होतं, कुणी चुका आणि कांद्याची पात आणली. तीन दगडांची चूल मांडली. आणि त्या सगळ्याच्या मध्ये माझी मुलगी उभी राहून प्रत्येकाला तीन प्रश्न विचारत होती. कशात? कशावर? कुणाचा हात लागला? म्हातारे गृहस्थ हात पुढे करून दाखवत होते. पोरांना तर तो खेळच सापडला. थोड्या वेळाने ती एकमेकांना थांबवून विचारायला लागली.

मी बांधावर बसून बघत होते. या प्रश्नांची मला चार वर्षं लाज वाटत आली होती. मला वाटायचं, हे आजाराचं लक्षण आहे, पोर मोठी झाली की जाईल. त्या दुपारी मी वीस पावलं दूर होते आणि तिने स्वतःला वाचवलं होतं. तिला ते येत होतं. मला ते दिसलं नव्हतं.

तासाभराने भज्जी उतरली. आत्याबाईंनी आधी ती रेवाच्या नव्या पत्रावळीवर वाढली, शेजारी उंडा आणि आंबील. तीस माणसं बघत असताना रेवाने पहिला घास घेतला. चुक्याची आंबट चव लागली तसे तिचे डोळे बारीक झाले. मग तिने दुसरा घेतला, तिसरा घेतला, आणि "अजून आहे का?" असं विचारलं. पंगत बसली.

माझ्यापुढेही पान आलं. मी सवयीने रेवाच्या ओठांकडे बघत होते. आत्याबाई तिच्यासमोर येऊन बसल्या, माझ्याकडे पाठ करून. "तू जेव," त्या म्हणाल्या. "म्या बगते तिच्याकडं." मी जेवले. ऊन ऊन भज्जी, हाताने कुस्करलेला उंडा, वर थंड आंबील. तुरीचे कोवळे दाणे दाताखाली फुटतात, मागून चुका येतो, आणि शेवटी जिभेवर लसूण रेंगाळतो. आमच्याकडे वालाच्या बिरड्याचं आम्ही फार कौतुक करतो. ते मी आता जरा बेताने करीन.

जेवणं आटपली. दुधाच्या पातेल्यात तळाशी बरीच भज्जी उरली होती. सुमनबाई ते पातेलं बघत म्हणाल्या, "हे भांडं एकटंच राह्यलं की."

कुणाचं भांडं एकटं ठेवायचं नाही ही त्यांची रीत, आणि या भांड्यात कुणाला काही घालता येणार नव्हतं. आता आग्रह होणार असं वाटलं.

आत्याबाईंनी थोडा विचार केला. "घ्यायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "पर देयाला काय हरकत हाय? पोरगी जेवलीय आता. तिच्यातली पळीपळी सगळ्यांच्यात घालू. वरनंच वतायची, पळी कुटं टेकवायची न्हाय."

रेवाने माझ्याकडे पाहिलं. घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, हा नियम मी केलेला आणि ती पाळत आलेली. मी म्हटलं, "जा."

तिने पातेलं कडेवर घेतलं. पळी दत्ताभाऊजींकडे दिली नाही, स्वतःच्याच हातात ठेवली. वैशाली माझी पिशवी खांद्याला लावून तिच्या मागून निघाली. मी बांधावर उभी राहून त्यांना लहान लहान होताना पाहिलं. आधी सुमनबाईंची कोप, मग तिच्यापलीकडची, मग ओढ्याकाठची दोन. प्रत्येक ठिकाणी बायका उठून पातेल्यावरचं झाकण काढत होत्या, आणि रेवा चवड्यांवर उभी राहून वरूनच ओतत होती.

ती परत आली तेव्हा ऊन उतरत होतं आणि पातेलं रिकामं होतं. ते तिने माझ्या पायाशी ठेवलं.

"आई," ती म्हणाली, "सगळ्यांनी माझं खाल्लं."